कुत्र्याचं जुनाट पोट : आधी ताट, मग गोळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतलं पाच माणसांचं घर, चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, नाव बंड्या. आठ महिने जुलाब येतात-जातात, पहाटे पिवळी उलटी होते, वजन ३२ किलोवरून २६ वर आलंय. मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाचा कोर्स दिला की आठवडाभर बरं, बंद केला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता तिथल्या डॉक्टरांनी 'आयबीडी दिसतोय' असं सांगून पुण्याला एंडोस्कोपी (दुर्बिणीनं आत बघून आतड्याचा तुकडा तपासायला काढणं) करायला सुचवलंय आणि तोवर स्टेरॉइड चालू करा म्हणालेत. ताई विचारतात : हा बरा होणार का? स्टेरॉइडनं आयुष्य कमी होईल का? एंडोस्कोपी लागेलच का? आणि जाता जाता, घरात सासूबाई ऐकत नाहीत, त्याचं काय करायचं?

तो शेवटचा प्रश्न तुम्ही संकोचून विचारलाय, पण मी सगळ्यात आधी तोच घेईन. या आजारात सगळ्यात मोलाची तपासणी घरातल्या ताटात होते आणि बहुतेक ठिकाणी ती तिथंच फसते.

आयबीडी म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरात पांढऱ्या पेशी दाटून राहिलेली सूज. अंगातली प्रतिकारशक्ती, आतड्यातले जंतू आणि रोजचं अन्न, या तिघांचं एकमेकांशी बिनसतं आणि अस्तर धुमसत राहतं. तीन आठवड्यांच्या वर पोट बिघडलेलं राहिलं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर आम्ही या वाटेनं विचार करतो. मग कुत्रा कशाला दाद देतो त्यावरून गट पडतात : काही नुसत्या अन्नबदलानं सुधारतात, काहींना स्टेरॉइडसारखी औषधं लागतात, थोडी कशालाच दाद देत नाहीत. यातली निम्म्याहून जास्त कुत्री पहिल्या गटात निघतात. तुमच्या पत्रात आठ महिन्यांची औषधं तारीखवार आहेत. खाण्याबद्दल मात्र एकच ओळ आहे : 'डॉग फूड, दहीभात, कधी दूध-चपाती, रविवारी अळणी.' अळणी म्हणजे मटणाचं बिनतिखट पाणी.

तर हा बरा होईल का? कायमचा निरोप द्यावा असा हा आजार सहसा नसतो. आवाक्यात मात्र राहतो, आणि आवाक्यातला कुत्रा वर्षानुवर्षं मजेत जगतो. आजार मध्येच कधी उचल खातो, तेव्हा आठवडाभर धावपळ होते. अन्नाला दाद देणारी काही कुत्री तर तीन-चार महिन्यांनी जुनं खाणंही पचवायला लागतात.

अन्नाकडे वळण्याआधी काही गोष्टी वगळायला हव्यात, कारण पोटाचा आजार म्हणून फिरणारे बरेचसे पाहुणे दुसऱ्याच गावचे असतात. शौचाची तपासणी एकदा नाही, वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन नमुने द्या. जिआर्डिया आणि व्हिपवर्म हे आतड्यातले परजीवी दर वेळी पडत नाहीत, म्हणून एका नमुन्यात सापडले नाहीत तरी फेनबेंडाझोल या जंतनाशकाचा पूर्ण कोर्स करून टाकणं शहाणपणाचं. आपल्याकडे गोचिड्या बारमाही, तेव्हा त्यांच्यातून येणाऱ्या एर्लिकिया या तापाची तपासणी हवीच; त्यातही प्लेटलेट आणि अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) खाली येतात. स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडत असतील तर टीएलआय नावाची तपासणी लागते. ती कुत्र्यांसाठीच्या किटवरच करायची, माणसांच्या लॅबमधला ट्रिप्सिनचा आकडा इथं कामाचा नाही. ढीगभर खाऊनही वाळत जाणारा जर्मन शेफर्ड दिसला की मी पहिली हीच मागवतो.

आणि एक तपासणी स्टेरॉइडची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच व्हायला हवी : रक्तातलं कॉर्टिसॉल. ॲडिसन्स नावाच्या आजारात मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतात. कुत्रा मधूनच ढेपाळतो, उलट्या-जुलाब करतो, सलाईन लावलं की टवटवीत होतो आणि महिन्याभरानं पुन्हा आडवा. हुबेहूब जुनाट पोटाचं चित्र. कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे २ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर हा आजार जवळपास बाद होतो. स्टेरॉइड चालू केल्यावर तो आकडा वाचता येत नाही, मग वर्षभर चाचपडत बसावं लागतं. बंड्याला अजून इंजेक्शनातूनसुद्धा स्टेरॉइड गेलेलं नसेल, तर या आठवड्यातच रक्त द्या. त्याच सुईत अल्ब्युमिन आणि बी-ट्वेल्व्हही बघून घ्या.

आता ताट. ट्रायल म्हणजे दोन आठवडे एकच अन्न, आणि त्याशिवाय तोंडात काहीही नाही. त्वचेच्या ॲलर्जीला आठ आठवडे थांबावं लागतं. पोट त्यामानानं लवकर बोलतं. अन्नाला दाद देणार असेल तर दोन आठवड्यांत फरक दिसायला लागतो. अन्न दोन प्रकारचं चालतं. एक, हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं तयार खाणं, ज्यात प्रोटीन इतकं बारीक तोडलेलं असतं की शरीर त्याला परकं म्हणून ओळखत नाही. महाग आहे, खरं आहे. पण आठ महिन्यांत सलाईन, इंजेक्शनं आणि गोळ्यांवर किती गेले ते एकदा मांडून बघा. दोन, घरी शिजवलेलं, पण असं प्रोटीन जे त्यानं आजवर खाल्लेलं नाही. चिकन, अंडं, दूध, मटण सगळं त्याचं खाऊन झालंय. मासा कधी दिला नसेल तर कमी काट्याचा मासा उकडून, काटे नीट काढून, सोबत सोललेला उकडलेला बटाटा. अर्धा किलो मासा आणि त्याच्या दीडपट बटाटा, दिवसात चार वेळा विभागून, वर चमचाभर तेल. २६ किलोच्या लॅबला वजन परत भरायला दिवसाला १२०० ते १३०० किलोकॅलरी लागतात. तुमच्या दोन वाट्या दहीभातात तीनेकशेच्या वर नाहीत. म्हणजे बंड्या आजारानं वाळलाय तसाच थोडा उपासानंही वाळलाय. मासा-बटाट्यात कॅल्शियम नाही, तेव्हा हे ट्रायलपुरतंच. पुढे महिनोन्‌महिने घरचं घालायचं असेल तर पूरक पावडर आणि मोजमाप डॉक्टरांकडून बसवून घ्या.

ज्या गोष्टींना लोक खाणं समजतच नाहीत, ट्रायल त्यातच बुडते. जंताची आणि गोचिडीची चघळायची गोळी चवदार का असते? त्यात मांसाचा किंवा सोयाचा वास घातलेला असतो. ट्रायलच्या काळात मानेवर सोडायचं औषध वापरा. कुत्र्यांची टूथपेस्ट, चघळायचं हाड, कॅल्शियमचं बिस्कीट सगळं बंद. गोळी पेढ्यात लपवून देता ना? ती त्याच मासा-बटाट्याच्या गोळ्यात लपवा. रंकाळ्यावर फिरायला नेत असाल तर तिथं सांडलेली भेळ, कणसाची बुटकं, कोणीतरी प्रेमानं टाकलेलं बिस्कीट हे सगळं ट्रायलच्या मुळावर येतं. जाळीची मुसकी घाला. तोंड उघडता येतं, धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, खालचं मात्र उचलता येत नाही. लोक बघतात, 'चावतोय का ओ?' विचारतात. विचारू देत.

अळणीबद्दल मुद्दाम वेगळं लिहितो, कारण कोल्हापुरात ही चूक घरोघरी दिसते. तांबडा-पांढरा तिखट, म्हणून कुत्र्याला अळणी, असा हिशोब असतो. पण अळणीत तिखट नसलं तरी मटण शिजवताना कांदा, आलं, लसूण पडलेलंच असतं. कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, आणि शिजवल्यानं त्यातला विषारीपणा जात नाही. एका रविवारी काही दिसणार नाही. महिनोन्‌महिने थोडं थोडं जात राहिलं तर हिरड्या फिक्या पडतात आणि आपण ते आतड्याच्या खात्यावर मांडतो. तांबड्या रश्श्यातला तुकडा नळाखाली धुऊन दिला तरी कांदा-लसूण मसाला आत मुरलेलाच असतो. शिवाय अळणीवरची चरबी आजारी आतड्याला झेपत नाही, ते वेगळंच.

दूधही तसंच. घरचं म्हशीचं दूध म्हणजे आपल्याकडे सगळ्या दुखण्यांवरचा उतारा. पण मोठ्या कुत्र्याला लॅक्टोज पचवणं मुळातच कमी जमतं, त्यात अस्तर सुजलेलं. जुलाब थांबावेत म्हणून जायफळ उगाळून देणारीही घरं आहेत. लहान मुलांना देतात तेवढ्या भरवशावर कुत्र्याला देऊ नका, जायफळ जास्त झालं तर त्याला झटके येऊ शकतात. माणसांची जुलाब बंद करायची गोळीही डॉक्टरांना न विचारता नाही. कोली जातीच्या कुत्र्यांना तर ती मेंदूपर्यंत बाधते.

मग सासूबाई. त्यांचं वाक्य मला न सांगता कळतं : 'मुक्या जनावराला असं तरसवायचं व्हय?' त्यांच्याशी वाद घालू नका, हरणार तुम्हीच. त्यांच्याकडून देण्याचा हक्क काढून घेतलात की लपूनछपून चपाती जाणार. उलट बंड्याच्या दिवसाच्या खाण्यातला चौथा हिस्सा सकाळीच मोजून एका स्टीलच्या डब्यात भरा आणि तो डबा त्यांच्या हाती द्या. देवपूजा झाल्यावर द्यायचं ते त्यातलं, दुपारी तो पायाशी येऊन बसला की द्यायचं तेही त्यातलंच. हात रिकामा राहत नाही, ट्रायल मोडत नाही. हा उपाय मी बऱ्याच घरांत सांगितलाय आणि ज्या आजी सगळ्यात जास्त चपाती द्यायच्या, त्याच पुढे पाहुण्यांना दटावायला लागतात. मुलं, कामाच्या मावशी, शेजारचे काका आणि जेवणाचा डबा उघडला की त्याला बोलावणारा वॉचमन, या सगळ्यांना मात्र स्पष्ट सांगावं लागतं. फ्रीजवर कागद चिकटवा. कुणी चुकून काही दिलंच तर लपवायचं नाही, वहीत लिहायचं.

वही हवीच. रोज सहा गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते तीन गुण : उत्साह, भूक, उलटी, शौचाचा घट्टपणा, दिवसातून किती वेळा, आणि आठवड्यातून एकदा वजन. डॉक्टरलोक आजाराची तीव्रता याच सहा गोष्टींवर मोजतात, तुम्ही तेच घरी करताय. शौच बघण्याची रीत अशी : कागदानं उचललं की आकार टिकतो का आणि फरशीवर काय उरतं. नीट उचललं जातं, खाली डाग नाही, तर शून्य. आकार आहे पण उचलल्यावर ओला ठसा राहतो, तर एक. उचलतानाच मोडतं, पुसावं लागतं, तर दोन. पाणीच असेल तर तीन. सोबत एवढंही टिपा : मोठा ढीग, दिवसातून दोन-तीनदा, वजन घटतंय, तर गडबड लहान आतड्यात; थोडं थोडं, सारखं, कुंथून, शेंबडासारखा चिकटा आणि वर लाल रक्ताची रेघ, तर मोठ्या आतड्यात. बंड्याचं वर्णन पहिल्याकडे झुकतंय. वजनाला भुसार दुकानातला काटा उत्तम, दर वेळी तोच काटा. आणि पाठीच्या कण्यावरून हात फिरवा. मणके मोजता येत असतील तर काटा काही म्हणो, मांस गेलेलं आहे.

बी-ट्वेल्व्हकडे फार दुर्लक्ष होतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजला की हे जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि ते कमी असलं की बाकी सगळं बरोबर करूनही कुत्रा उभारी धरत नाही. कमी निघालं तर आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं, मग महिन्यानं एक, असा सर्वसाधारण क्रम. रोजच्या गोळीनंही काम होतं. पण मेडिकलमधून माणसांची मेथिलकोबालामिनची पट्टी उचलून आणू नका. त्यात पुष्कळदा अल्फा लायपोइक ॲसिड किंवा प्रीगॅबालिन मिसळलेलं असतं. ही भेसळ कुत्र्याच्या पोटात जायला नको. नुसतं बी-ट्वेल्व्ह असलेली गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मेट्रोनिडाझोल. तुमच्याकडे त्याची अर्धी पट्टी ड्रॉवरमध्ये असणार, ती काढून टाका. एके काळी पोटाच्या प्रत्येक तक्रारीला आम्ही सगळेच ते लिहायचो. आता कळतंय की त्यानं आतड्यातले कामाचे जंतूही मरतात आणि ती वस्ती पुन्हा बसायला कित्येक आठवडे जातात. दोन दिवसांत शौच घट्ट होतं हे खरं, म्हणूनच ते फसवं आहे : प्रत्येक कोर्स पुढच्या जुलाबाची सोय करून जातो. डोस जास्त झाला किंवा दिवस लांबले तर कुत्रा झोकांड्या खातो, डोळे थरथरतात. अन्न आणि बाकीची औषधं हरली तरच प्रतिजैविकाकडे वळायचं. एक ठळक अपवाद बॉक्सर जातीचा, त्यांच्यात मोठ्या आतड्याचा एक खास जंतुजन्य प्रकार असतो. तो वेगळाच विषय.

स्टेरॉइडची भीती थोडी रास्त आहे, बरीचशी ऐकीव. प्रेडनिसोलोन किलोमागे दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम, मोठ्या कुत्र्याला खालच्या टोकाला, सकाळी खाण्याबरोबर. आटोक्यात आलं की दर दोन-तीन आठवड्यांनी पाव-पाव हिस्सा कमी. पहिल्या महिन्यात तो बादलीभर पाणी पिईल, रात्री तीनला उठवेल, घरात लघवी करेल, कचऱ्याचा डबा उलथेल आणि बसल्याजागी धापा टाकेल. हे औषधाचं आहे, खोडसाळपणाचं नाही. पाण्याचं भांडं काढून घेऊ नका, रात्री एक फेरी वाढवा. कोण उठणार ते आधीच ठरवा, नाहीतर आजार कुत्र्याला आणि भांडणं नवरा-बायकोत. भूक वाढल्यानं काटा वर जाईल. पोट लोंबतंय पण मणके अजून हाताला लागतायत, तर ती सुधारणा नव्हे. दोन गोष्टी कधीही नाहीत. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद नाही, कारण बाहेरून मिळतंय म्हणून त्याच्या ग्रंथी झोपलेल्या असतात. आणि लंगडतोय म्हणून मेलॉक्सिकॅम किंवा दुसरं कुठलं दुखण्याचं औषध सोबत नाही, पोटाला भोक पडू शकतं. लंगडणं बघणारा डॉक्टर वेगळा असेल तर त्याला स्टेरॉइड चालू असल्याचं आधी सांगायचं. आयुष्याचं म्हणाल तर योग्य डोसात, उतरत्या क्रमानं दिलेल्या गोळीपेक्षा वर्षभर धुमसणारं आतडं जास्त आयुष्य खातं. स्टेरॉइड झेपलं नाही तर सायक्लोस्पोरिनसारखे पर्याय आहेत.

पावसाळ्याचं एक. आपल्याकडच्या दमट हवेत तयार खाण्याची उघडी पिशवी लवकर खवट होते, बुरशी धरते. पिशवीसकट हवाबंद डब्यात ठेवा, महिन्याभरात संपेल तेवढीच आणा. बाहेरच्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, घरात उकळून गार केलेलं. तुम्ही राजारामपुरीत उंचावर आहात, पण दुधाळी, सुतार मळ्याकडच्या लोकांना मी सांगतो : पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की दोन आठवड्यांचं खाणं, गोळ्या आणि वही एका पिशवीत भरून ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात स्थलांतर केलेल्या ठिकाणी माणसांनाच वेळेवर मिळेल ते खावं लागलं. पोटाच्या कुत्र्याला ते भोवतं, आणि स्टेरॉइड मध्येच तुटलं तर त्याहून वाईट.

कधी थांबायचं नाही, तेही सांगतो. पोट फुगून पाणी भरल्यासारखं हलतंय, पायांना सूज, अचानक धाप, डांबरासारखं काळं शौच, पाणीसुद्धा टिकत नाही, हिरड्या पांढऱ्या, किंवा लॅब्रॅडॉर असून दिवसभर ताटाकडे बघत नाही : यातलं काहीही दिसलं तर ट्रायल वगैरे बाजूला, थेट दवाखाना. अस्तरातून प्रोटीन गळायला लागलं की अल्ब्युमिन डेसिलिटरमागे २ ग्रॅमच्या खाली जातं. तेव्हा पाणी साठतं आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. अशा कुत्र्याला कमी चरबीचं खाणं आणि लवकर उपचार लागतात, दोन आठवडे वाट बघण्याची चैन नसते.

म्हणून एंडोस्कोपीचं उत्तर त्या आकड्यावर आहे. बंड्याचं अल्ब्युमिन ठीक असेल, तो खात-हिंडत असेल, तर आधी ट्रायल करा. त्यातच सुधारला तर पुण्याचा २३० किलोमीटरचा प्रवास, भूल आणि खर्च तिन्ही वाचले. ट्रायल नीट पाळूनही वही हलली नाही, तर एंडोस्कोपी करा, पण स्टेरॉइडच्या आधी. आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोग आणि आयबीडी बाहेरून सारखे दिसतात, आणि स्टेरॉइड चालू असताना घेतलेल्या तुकड्यात कर्करोग झाकला जाऊ शकतो. अल्ब्युमिन २ च्या खाली निघालं तर तारीख लगेच घ्या, आणि सोनोग्राफी त्याआधी इथंच करून घ्या. रिपोर्ट आले की अल्ब्युमिन, कॉर्टिसॉल आणि बी-ट्वेल्व्ह हे तीन आकडे मला आधी कळवा, पुण्याचं त्यावर ठरवू. तोवर स्टेरॉइडची चिठ्ठी बाजूला ठेवा, तसं ज्यांनी ती लिहिली त्या डॉक्टरांनाही कळवा, आणि मासा आणायला घरातल्या एकालाच सांगा.